आलं, अद्रक आणि सुंठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर मराठवाड्यातल्या कन्नड तालुक्यात. घराच्या दोन बाजूंना अद्रकीचे बेड आहेत. मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दाचे प्रश्नही माझ्याकडेच येतात आणि स्वयंपाकाचेही. विद्यार्थी विचारतात, पुण्याकडच्या नणंदा विचारतात, बचत गटातल्या बाया विचारतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी सगळे एका जागी लिहून काढले. उत्तरं कुठूनही वाचली तरी चालतील. जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. आलं आणि अद्रक एकच का?

एकच. कंद तोच, चव तीच, फरक फक्त मुलखाचा. पुणे, सातारा, कोकणात 'आलं' म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी या बाजूला भाजीवाल्याकडे 'अद्रक' मागतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणाऱ्या घरात 'अल्लम' ऐकू येईल. उदगीर-उमरग्याच्या सीमेवर कानडी माणूस 'अल्ला' किंवा 'हसी शुंठी' म्हणेल. 'हसी' म्हणजे ओली, कच्ची. शेतीच्या माहितीपत्रकांत 'आले' छापतात आणि ते वाचणारा शेतकरी घरी 'अद्रक' म्हणतो. त्यात कुणाचं काही अडत नाही.

२. अद्रक हा हिंदी-उर्दू शब्द आहे ना? मग शुद्ध मराठीत 'आले' असंच लिहायला हवं?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा द्यावं लागतं, आणि दर वेळी मी ते मनापासून देते.

संस्कृतात ओल्या आल्याला 'आर्द्रक' म्हणतात. आर्द्र म्हणजे ओलं. त्या एका शब्दाला दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर प्राकृतात 'र्द्र' घासून 'अल्लय' असं रूप झालं आणि त्यातून मराठीत 'आले' आलं. दुसऱ्या वाटेवर 'द' आणि 'र' टिकून राहिले आणि 'अदरक', 'अद्रक' झालं. म्हणजे आलं आणि अद्रक ही एकाच आईची लेकरं. एकाचा चेहरा झिजला, दुसऱ्यात आईची ठेवण अजून दिसते. उलट 'आर्द्रक' हा मूळ शब्द आज कानाला ओळखू येतो तो 'अद्रक' या रूपातच.

मराठवाड्यात हे रूप रुजायला उर्दूचा शेजार कारणी लागला, हे खरं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरी उर्दू, बाजारात दखनी, घरात मराठी. अशा ठिकाणी शब्दांची ये-जा होणारच. पण शेजाऱ्याच्या ओट्यावरून आलेला शब्द आपल्या घरात पिढ्यानपिढ्या राहिला, त्याच्यावर आपल्या विभक्ती चढल्या, आपल्या ओव्या-शिव्यांत तो मिसळला, की तो आपलाच.

हे इतकं सांगण्याचं कारण आहे. माझ्या भाचीने चौथीत असताना 'माझे शेत' या निबंधात 'आमच्या शेतात अद्रक आहे' असं लिहिलं. बाईंनी त्या शब्दावर लाल रेघ ओढून वर 'आले' लिहिलं. पोरगी घरी आली आणि बापाला म्हणाली, 'बाबा, आपण चुकीचं बोलतो.' तिचा बाप आठ महिने त्या पिकात राबलेला. ती रेघ मला अजून आठवते. 'आले' हे प्रमाण लेखनातलं रूप आहे, ते मुलांना शिकवायलाच हवं. पण 'अद्रक' चूक नाही. ते मराठवाड्याचं मराठी आहे.

३. सुंठ म्हणजे वेगळं झाड असतं का?

नाही. आलं सोलून उन्हात कडकडीत वाळवलं की सुंठ. ताज्या आल्यात बहुतेक भाग पाणी असतं, म्हणून साधारण पाच किलो ओल्यातून एक किलोच्या आसपास सुंठ हाती लागते. ते जातीवर आणि कंदाच्या पक्वतेवर अवलंबून आहे. इतकं पीक असूनही मराठवाड्यात बहुतेक माल ओलाच विकला जातो. सुंठेसाठी जुनं नाव आहे ते केरळातल्या कोचीचं.

वाळल्यावर आल्याचा नुसता ओलावा जात नाही, तिखटपणाही बदलतो. ताज्या आल्याचा झटका 'जिंजेरॉल' नावाच्या द्रव्याचा. वाळवताना त्यातल्या काहीचं 'शोगाओल' होतं, आणि ते जास्त तिखट असतं. हे नाव 'शोगा' या आल्याच्या जपानी शब्दावरून पडलं आहे. आलं शिजवलं की त्यातून 'झिंजेरोन' तयार होतं, ते सौम्य आणि किंचित गोडसर. म्हणून कच्चं, शिजलेलं आणि वाळलेलं आलं जिभेला तीन निरनिराळ्या तऱ्हांनी लागतं.

४. पाककृतीत सुंठ सांगितली आहे, घरात अद्रक आहे. चालेल?

पातळ पदार्थात चालेल. एक चमचा अद्रकीच्या किसाऐवजी पाव चमचा सुंठपूड, हा अंदाज दोन्ही बाजूंनी वापरता येतो. डिंकाच्या लाडवात, सुंठवड्यात, कोरड्या मसाल्यात मात्र ओलं अद्रक घालूच नका. ओलाव्याने लाडू आठवड्यात बुरसतो. उलट हिरव्या मिरचीच्या ठेच्यात किंवा उसाच्या रसात सुंठ घातली तर मजा जाते. रसवंतीवर चरकात उसासोबत अद्रकीचा तुकडा आणि लिंबू घालतात, तिथे तो ताजा झणझणीतपणाच हवा असतो.

५. 'आले' लिहिलं की ते 'येणे'चं रूप वाटतं. वाक्य कसं ओळखायचं?

'बाजारात आले आले' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. पहिलं आले नाम, दुसरं क्रियापद. गंमत विभक्तीत वाढते, कारण दोन्हींचं सामान्यरूप 'आल्या-' होतं. 'आल्याने बरं वाटलं' म्हणजे अद्रकीने, की कुणी भेटायला आल्याने? 'पाहुणे आल्याचा चहा' म्हणजे काय, हे तर चहा पिऊनच कळेल.

लिहिताना दोन उपाय. एक, आल्याच्या आजूबाजूला अर्थ पक्का करणारा शब्द ठेवा : आल्याचा रस, आल्याचा कीस, किसलेलं आलं. दोन, सरळ 'अद्रक' लिहा. मराठवाड्यात ही अडचण आम्हाला पडतच नाही. 'च्यात अद्रक घालू का?' या प्रश्नाचा दुसरा अर्थच निघत नाही.

६. अद्रक ती, ते की तो?

आलं नपुंसकलिंगी आहे : ते आलं, आल्याचा. सुंठ स्त्रीलिंगी : ती सुंठ. 'सुंठेचा' आणि 'सुंठीचा' अशी दोन्ही रूपं चालतात.

अद्रकीचं एकमत नाही. आमच्याकडे शेतकरी 'अद्रक लावली', 'अद्रकीला भाव नाही' असं स्त्रीलिंगी बोलतात. वर्तमानपत्रांत 'अद्रकाचे दर', 'अद्रकीचे दर' आणि 'अद्रकचे दर' असं तिन्ही तऱ्हेचं दिसतं. मी 'अद्रकीचे' लिहिते, कारण बांधावर तेच ऐकू येतं. तुम्ही कोणतंही घ्या, फक्त एका लेखात एकच ठेवा.

७. 'सुंठीवाचून खोकला गेला' म्हणजे नेमकं काय?

काही न करता पीडा टळली, हा अर्थ. खोकल्याला सुंठ हा घरोघरचा उपाय. ती उगाळायच्या आधीच खोकला थांबला. नको असलेला माणूस आपणहून निघून गेला, भांडण आपोआप मिटलं, अशा वेळी म्हणतात. शुभ कामासाठी ही म्हण वापरू नका. पोरीचं लग्न खटपट न करता जमलं तर 'सुंठीवाचून खोकला गेला' म्हणणं चूक, कारण त्यात पोरगी खोकला ठरते. एका लग्नपत्रिकेच्या मजकुरात मी हे खरंच पाहिलं आणि छापायच्या आत काढायला लावलं.

हिंदीतली माकडाला अदरकीची चव काय कळणार ही म्हण इकडे दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे. मराठीत तिच्या जागी 'गाढवाला गुळाची चव काय' म्हणतात.

८. आले, आळे, अळू यांचा काही संबंध?

नाही. आळं म्हणजे झाडाच्या बुडाशी पाण्यासाठी केलेला गोल खड्डा. अळू ही पानांची भाजी. 'ल' आणि 'ळ' मध्ये गल्लत झाली की 'झाडाला आले करा' असं काहीतरी छापून येतं.

९. इंग्रजीतला 'जिंजर' आपल्याकडूनच गेला असं म्हणतात. खरं आहे?

शब्द भारतातून गेला, हे खरं. संस्कृतात आल्याचं आणखी एक नाव 'शृंगवेर', पालीत 'सिंगिवेर'. शृंग म्हणजे शिंग. कंदाला फुटलेली बोटं शिंगांसारखी दिसतात, म्हणून हे नाव पडलं अशी जुनी समजूत. पण अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते ही फोड नंतर बसवलेली आहे आणि मूळ शब्द द्राविडी आहे. तमिळ-मल्याळममध्ये आल्याला आजही 'इंजी' म्हणतात, आणि 'वेर' म्हणजे मूळ. मसाल्याच्या व्यापाराबरोबर तो शब्द ग्रीकमध्ये 'झिंगिबेरिस', लॅटिनमध्ये 'झिंगिबेर' झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'जिंजर' म्हणून उतरला. वनस्पतिशास्त्रातलं नाव 'झिंजिबर ऑफिसिनाले', ते विल्यम रॉस्को यांनी १८०७ साली दिलं. अरबीतला 'जंजबील' याच कुळातला. तो कुराणाच्या ७६ व्या सूऱ्यात येतो, आणि युनानी औषधं देणारे हकीम सुंठेला आजही जंजबील म्हणतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. रामायणातलं गंगाकाठचं शृंगवेरपूर, जिथे गुहाने रामाला नदीपार केलं, त्या नावात हाच शब्द दिसतो. परंपरा मात्र ते गाव शृंगी ऋषींशी जोडते. तिथे आलं पिकायचं म्हणून नाव पडलं, असं ठोकून देऊ नका.

१०. इंग्रजीत माणसाला किंवा मांजराला 'जिंजर' का म्हणतात?

तांबूस-नारिंगी केसांमुळे. मराठीत तांबूस किंवा पिंगट केसांचा माणूस म्हणा, 'आल्याच्या केसांचा' म्हणू नका. माणसाला उद्देशून हा शब्द इंग्रजीत चिडवण्यासाठीही वापरतात, म्हणून जपून. 'जिंजर ग्रुप' म्हणजे पक्षाच्या आत राहून पक्षाला टोचणी देणारा गट. कॅनडाच्या संसदेत १९२४ साली याच नावाचा गट होता. आणि 'जिंजरली', म्हणजे हळुवारपणे, या शब्दाचा आल्याशी काहीएक संबंध नाही. तो जुन्या फ्रेंचमधल्या नाजूक, सभ्य या अर्थाच्या शब्दावरून आला असं मानतात.

११. आयुर्वेदाच्या पुस्तकात नागर, महौषध, विश्वभेषज लिहिलंय. ही कोणती औषधं?

तिन्ही नावं सुंठेचीच. विश्वभेषज म्हणजे सगळ्यांवरचं औषध, महौषध म्हणजे मोठं औषध. त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरे आणि पिंपळी. घोटाळा 'नागर'मुळे होतो : नागरमोथा म्हणजे सुंठ नव्हे. ते लव्हाळ्याच्या जातीच्या गवताचं सुगंधी मूळ आहे. काष्ठौषधीच्या दुकानात यादी वाचून दाखवताना 'नागर' म्हणालात तर हाती नागरमोथा पडण्याचा संभव जास्त. तिथे सरळ सुंठ म्हणा.

१२. बाजारात अद्रकीसारखीच दिसणारी, पण कैरीचा वास असलेली गड्डी मिळाली. ती काय?

आंबेहळद. ती हळदीच्या वंशातली, पण आलं, हळद आणि वेलदोडा ही सगळी एकाच कुळातली भावंडं, म्हणून चेहरेपट्टी जुळते. आंबेहळदीचं लोणचं छान होतं, मुका मार लागला की लेपही लावतात. चहात मात्र घालू नका. पानात घालतात ते कुलिंजनही याच कुळातलं, पण निराळं.

१३. अद्रक हे मूळ की खोड?

खोड. जमिनीखाली आडवं वाढणारं खोड. त्याला पेरं असतात, डोळे असतात, डोळ्यांतून कोंब फुटतात. खऱ्या मुळ्या त्याच्या खाली लोंबतात. म्हणूनच लागवडीला बी लागत नाही, कंदाचे तुकडेच 'बेणं' म्हणून लावतात.

१४. व्यापारी 'नवी' आणि 'जुनी' अद्रक म्हणतात. जुनी म्हणजे शिळी का?

नाही, आणि हा गैरसमज शहरातल्या गिऱ्हाइकाला महागात पडतो. लागवड उन्हाळ्याच्या शेवटी, साधारण मे-जूनमध्ये. आठ-नऊ महिन्यांत पीक काढणीला येतं, ती नवी. साल पातळ, रस भरपूर, धागा कमी. भाव पडलेला असला तर शेतकरी पीक जमिनीतच राखून ठेवतो आणि पुढच्या हंगामात काढतो, ती जुनी. ती रेषाळ, रंगाने गडद आणि चवीला जहाल असते. टिकतेही जास्त. चहाला, मसाल्याला जुनी घ्या. लोणच्याला, वड्यांना नवी.

राखून ठेवण्यात जोखीम मोठी आहे. पाऊस जास्त झाला, पाणी साचलं की कंदकूज लागते आणि भावाची वाट पाहता पाहता बेडच्या बेड हातचे जातात. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड या पट्ट्यात ही धाकधूक दर पावसाळ्यात घरोघर असते. दर वाढले की टीव्हीवर गृहिणीच्या पिशवीची बातमी येते. तीच बातमी कोसळलेल्या भावाची यावी, असं मला फार वाटतं.

१५. साताऱ्याच्या व्यापाऱ्याने 'गाडीचा' भाव सांगितला. गाडी म्हणजे ट्रक का?

नाही. सातारा भागात आल्याच्या व्यवहारात 'गाडी' हे वजनाचं माप आहे : ५०० किलो. आपल्याकडे क्विंटलवर बोलतात, म्हणजे १०० किलो. गाडीचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, आधी पाचाने भागा. बेणं आणायला तिकडे जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

१६. अद्रकीच्या चहात दूध फाटतं. दूध खराब असतं का?

बहुतेक वेळा दूध चांगलंच असतं. ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. कोमट दुधात कच्चा रस पडला की ते काम सुरू करतं. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात तर याच गुणावर गरम दुधात आल्याचा रस घालून गोड खरवसासारखं दही लावतात. उकळीने हे विकर निकामी होतं. तेव्हा अद्रक ठेचून आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं चांगली उकळू द्या, मग पत्ती, मग दूध. सुंठेच्या चहात ही अडचण सहसा येत नाही.

१७. सुंठवडा म्हणजे वडा का? कधी करतात?

तळलेला वडा नव्हे. सुंठ, सुकं खोबरं, खडीसाखर किंवा पिठीसाखर, खारीक, खसखस, वेलदोडा यांचं कोरडं मिश्रण म्हणजे सुंठवडा. कुणी ओवा घालतं, कुणी बदाम. रामनवमी, हनुमान जयंती, गोकुळाष्टमी, दत्तजयंती अशा जन्मोत्सवांना तो वाटतात. कारण सरळ आहे : बाळ जन्मलं की बाळंतिणीला सुंठ देतात, मग देव जन्मला तर कौसल्येला, देवकीला नको का? पाळणा म्हणून झाल्यावर हातावर पडणारी ती चिमूट म्हणजे गावाने केलेलं बाळंतपण आहे. माझी आजी सुंठवडा वाटताना दर वर्षी 'घे माय, बाळंतीण बरी आहे' असं म्हणायची.

१८. उपवासाला चालतं का? आणि जैन घरात सुंठ चालते पण अद्रक नाही, असं का?

उपवासाला बहुतेक घरांत आलं चालतं, काहींत नाही. आपल्या घरची रीत पाळा.

जैन आहारात जमिनीखालचे ओले कंद वर्ज्य मानतात. एका कंदात अनंत जीव असतात, ही त्यामागची श्रद्धा. ओलं आलं पुन्हा लावलं तर उगवतं. वाळलेली सुंठ उगवत नाही, म्हणून ती अनेक घरांत चालते. ओली हळद नाही पण हळदपूड चालते, तेही यामुळेच. संभाजीनगरजवळच्या कचनेरसारख्या तीर्थाला जाताना जैन स्नेह्यांसाठी डबा नेणार असाल, तर चटणीत अद्रक टाकू नका. पण गृहीत धरण्यापेक्षा विचारून घ्या, घराघरांत फरक असतो.

१९. रोज किती खावं? गरोदर बाईला, लहान बाळाला चालतं का?

चहात, भाजीत, जेवणाआधी मिठासोबत एखादा तुकडा, एवढं निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. गरोदरपणातल्या मळमळीवर थोड्या आल्याने आराम पडतो, पण काढे-गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. छातीत जळजळ होत असेल तर कमी करा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला आल्याच्या रसातून मध चाटवू नका. आज्या चाटवत आल्या हे मला माहीत आहे, तरीही नको. त्या वयात मधामुळे गंभीर विषबाधा होऊ शकते.

२०. आमच्या बचत गटाची पेस्टची बरणी पुण्यालाही जाणार आहे. लेबलवर अद्रक लिहू की आले?

वर मोठ्या अक्षरात 'अद्रक-लसूण पेस्ट'. खाली लहान अक्षरात 'आले-लसूण'. पुण्याच्या गिऱ्हाइकाला वाचून कळेल, आणि ज्या बायांनी ती अद्रक निवडली, धुतली, वाटली, त्यांचा शब्द बरणीवर राहील. ताई, तुमच्या गटात कुणी 'हे अशुद्ध आहे' म्हणालं, तर त्यांना प्रश्न २ वाचून दाखवा. वड्या केल्यात तर मात्र 'आलेपाक'च लिहा. अद्रक म्हणणाऱ्या आमच्या घरातही त्या वडीला दुसरं नाव नाही.